पानावरचं शून्य

ऑफिसात तिला सगळे ताई म्हणायचे. वयाने मोठे असलेलेसुद्धा. कानाची मशीन बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत तिला अकरा वर्षं झाली होती, आणि त्यातली सात कॉम्प्युटरवरच्या एकाच पानासमोर गेली होती.

त्या पानाचं काम असं. गावोगावच्या दुकानांत लोक बिघडलेली मशीन आणून द्यायचे. दुकानदार कॉम्प्युटरवर नोंद करायचा, आणि तिथून सॉफ्टवेअर आपोआप दुरुस्ती विभागाला निरोप पाठवायचं: अमुक मशीन आलंय, त्याचं हे-हे करा. या निरोपाला ते लोक इव्हेंट म्हणायचे. कधी पत्ता अर्धवट असायचा, कधी फोन नंबरातला एक आकडा गळलेला. मग तो इव्हेंट फेल व्हायचा आणि ताईच्या पानावर येऊन पडायचा. ताईने चूक शोधायची, दुरुस्त करायची, ‘पुन्हा पाठवा’चं बटण दाबायचं. रोज पन्नासेक. अडल्यानडल्यांची ताई, असं कुणीतरी एकदा गमतीने म्हणालं होतं, ते तिला चिकटलंच.

त्या सोमवारी पान उघडलं तर तिथे शून्य.

साहेब मागून जाता जाता थांबले. ‘‘वा, सुधारले म्हणायचे दुकानदार.’’

ताई हसली. तिने ड्रॉवर आवरला, कप घासून ठेवला. मंगळवारीही शून्य. संध्याकाळी घरी येऊन ती चपला न काढताच खुर्चीत बसली. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे महिनाभर घरीच असलेला नवरा काठी टेकत पाणी घेऊन आला.

‘‘आज काम जास्त होतं का?’’

‘‘कामच नव्हतं. दोन दिवस काहीच नाही.’’

‘‘मग एवढी दमलीस कशाने?’’

तिलाही ते कळेना. सात वर्षांत पान एक दिवसही रिकामं राहिलं नव्हतं. लोक एका रात्रीत नीट पत्ते लिहायला लागले, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं. पण शंका काढली की काम निघणार, आणि काम निघालं की ते आपल्याच गळ्यात पडणार, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मंगळवार तिने तसाच जाऊ दिला.

बुधवारी मात्र ती जिना चढून दुरुस्ती विभागात गेली. तिथले काका भिंग कपाळावर सरकवून पेपर वाचत बसले होते.

‘‘काका, काम कमी आहे का?’’

‘‘सोमवारपासून जरा हलकं आहे. म्हटलं, लोकांचे कान बरे झाले असतील.’’

‘‘तुम्ही कुणाला विचारलं नाहीत?’’

‘‘काम कमी का आहे म्हणून कोण विचारतं, ताई?’’

ती शेजारच्या आवक खोलीत गेली. फडताळात निळे ट्रे काठोकाठ भरले होते. छोट्या पिशव्यांत मशीन, प्रत्येकीवर दुकानाचा शिक्का. निरोप आल्याशिवाय कामाची चिठ्ठी छापली जात नव्हती, आणि चिठ्ठीवाचून त्यांना कुणी हात लावत नव्हतं.

खाली येऊन तिने मुद्दाम एक खोटी नोंद केली, स्वतःच्याच नावाने, फोन नंबरात चारच आकडे घालून. ही फेल व्हायलाच हवी होती. दहा मिनिटं थांबून तिने पान पुन्हा उघडलं. शून्य.

तिने सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला.

‘‘मॅडम, सर्व्हर चालू आहे. शून्य म्हणजे चांगलंच की.’’

‘‘मी आत्ता चुकीची नोंद केली. ती पानावर आलेली नाही. कुठे गेली, तेवढं सांगा.’’

बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग तो खाकरला. ‘‘शनिवारी आम्ही परमिशन बदलल्या. फेल झालेल्यांची यादी वाचायची परवानगी त्या पानाला राहिली नाही वाटतं.’’

‘‘म्हणजे त्याला दिसत नव्हतं, म्हणून ते शून्य सांगत होतं?’’

‘‘तसंच म्हणायचं.’’

अर्ध्या तासाने पान भरलं. एकशे सत्तेचाळीस, त्यात तिची खोटी एक. वर ‘सगळे पाठवा’ असं बटण होतं, पण तिने त्याला हात लावला नाही. मशीन दुरुस्त होऊन परत येईना म्हणून काही दुकानदारांनी तीच नोंद दुसऱ्यांदा केली होती. सरसकट पाठवलं असतं तर बहुतेक पुन्हा फेल झाले असते, आणि जे पोचले असते त्यांत एकाच मशीनच्या दोन-दोन चिठ्ठ्या निघाल्या असत्या. तिने आपली खोटी नोंद पुसली आणि पहिल्यापासून एकेक उघडायला घेतलं.

गुरुवारी दुपारी एका नोंदीत घर नंबर नव्हता. तिने फोन लावला. पलीकडे म्हातारा आवाज.

‘‘आजोबा, तुमचा घर नंबर सांगता का?’’

‘‘कोण?’’

‘‘मशीनच्या कंपनीतून बोलतेय. घर नंबर.’’

‘‘हे बघा, मला काही ऐकू येत नाहीये,’’ आजोबा शांतपणे म्हणाले. ‘‘माझं मशीन दुरुस्तीला गेलंय. ते आलं की फोन करा.’’ आणि त्यांनी फोन ठेवला.

ताई रिसीव्हर हातात धरून बसून राहिली. सोमवारी घासलेला तो कप तिला आठवला आणि तिची तिलाच लाज वाटली. मग तिने मेसेज पाठवला. पाच मिनिटांत नीट, पूर्ण पत्ता आला. खाली ‘आभारी आहे’.

शुक्रवारी सहाला पान खरोखर रिकामं झालं. तिची मान आखडली होती. शनिवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ‘‘सोमवारीच लक्षात कसं आलं नाही?’’

‘‘आलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘पण मी बोलले नाही.’’

तिने एकच मागणी केली: पानाला यादी वाचता येत नसेल, तर त्याने शून्य न दाखवता तसं सांगावं. हो-नाही करता करता सॉफ्टवेअरवाल्यांनी दीड महिन्याने ते करून दिलं.

त्यानंतर तिने दोन दिवसांची रजा मागितली. ‘‘पान कोण बघणार?’’ साहेब म्हणाले. काका आपणहून आठवडाभर तिच्या शेजारी बसून सगळं शिकले. रजेचा पहिला दिवस ती झोपली. दुसरा दिवसही बराचसा तसाच गेला, आणि नवऱ्याने तिला उठवलं नाही.