शाईचा चंद्र

एका विज्ञान-कादंबरीमालेच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या मासिकात तो त्या कादंबऱ्यांतल्या ग्रहांचे नकाशे काढायचा. एकदा अंक छापायला जायच्या तोंडावर नकाशावर शाईचा थेंब पडला. पुन्हा काढायचा कंटाळा, म्हणून पठ्ठ्याने डाग गोल केला आणि खाली लिहून टाकलं, ‘तिसरा चंद्र’. वाचक खूश! म्हाताऱ्या लेखकाचा तर फोनच आला, “माझाच चंद्र मी साफ विसरलो होतो बघा!” खरं सांगायला याची जीभ रेटली नाही.

पुढच्या पुस्तकात नायिकेचं यान त्याच चंद्रावर आपटलं. पुस्तक मिटून लेक मुसमुसत म्हणाली, “बाबा, तो चंद्र नसता तर ती वाचली असती ना?”

बाबाने शाईची बोटं पाठीमागे लपवली.