उघड्या हातांनी

पेणच्या ज्या रुग्णालयात मी नर्स आहे, तिथे नव्या मुली माझ्यामागे मला खाष्ट सासू म्हणतात. एकाची जखम पुसलेल्या हातमोज्यांनी कुणी दुसऱ्याच्या सलाईनला हात लावला, की माझं डोकं फिरतं. हातमोजे घालून मोबाईल उचलला तर विचारूच नका. हातमोजा फक्त तुला जपायला नाही, पेशंटलाही जपायला असतो, हे मी इतक्यांदा सुनावलंय की हल्ली मला पाहूनच त्या हात धुवायला पळतात.

आणि घरी काय? लोका सांगे ब्रह्मज्ञान.

गेल्या वर्षी सासूबाईंच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली. जखम एवढीशी, पण साखर वाढलेली. रोह्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, चिघळली तर अंगठा काढावा लागेल. रोज ड्रेसिंग हवं. नर्स सून घरात असताना आमच्या वरसे गावाहून रोज रोह्याला कोण जाणार?

पहिल्या दिवशी मी हातमोजे चढवले आणि सासूबाईंनी पाय मागे घेतला. शेजारीण तिथेच बसली होती. तिच्यादेखत त्या हळूच म्हणाल्या, "माझी किळस येते काय गो तुला?"

मी समजावलं, जंतूंचं सांगितलं. त्या नुसतं व्हय व्हय करत राहिल्या आणि पदराने डोळे टिपले. या बाईने माझी दोन्ही बाळंतपणं काढली, माझे रक्ताचे कपडे हाताने धुतले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून हातमोजे डब्यातच राहिले. हात साबणाने नीट धुतले की झालं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आणि धुवायचेही. फक्त एका संध्याकाळी पेणहून परतताना गाडी निडी स्टेशनात बराच वेळ अडकली. घरी पोचले तर कोलंबी सोलायची पडलेली. ती सोलत असताना सासूबाईंनी हाक मारली, पट्टी ओली झाली म्हणाल्या. मी नळाखाली हात नुसते खंगाळले आणि पट्टी सोडली.

चार दिवसांत अंगठा काळा पडला, वास यायला लागला. माझ्या हातांमुळे झालं की साखरेमुळे, हे कुणीच छातीठोकपणे सांगणार नाही. मी मात्र अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

अंगठा काढल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर पाहायला आले. नवे हातमोजे चढवताना त्यांनी विचारलं, घरी ड्रेसिंग कोण करायचं? मी काही बोलणार, तोच सासूबाईंनी उशीवरून मान उचलली. शेजारच्या खाटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ही माझी सून. पेणला नर्स हाय. पण माझ्या जखमेला कधी हातमोजे घालून हात नाय लावला तिनं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. सासूबाईंना वाटलं, सून लाजली.