सेरेंगेटीला जाण्याआधीची छाननी

दादरच्या दोन वेगवेगळ्या टूर कंपन्यांच्या पत्रकांवर एकच सिंह होता. नाकावरची जखमसुद्धा त्याच जागी. ह्यांना मी ते दाखवलं, तर हे म्हणाले, "अगं, सिंह जंगलातला आहे, कुठल्या कंपनीचा नाही." मी दोन्ही पत्रकं जपून ठेवली.

माझी सगळी नोकरी अर्जांच्या छाननीत गेली. खाडाखोड, शिक्का, सहीचं वळण, हेच तीस-बत्तीस वर्षं बघितलं. निवृत्त झाल्यावर डोळे काही निवृत्त होत नाहीत. आणि आमचे हे अगदी उलट. समोरचा जे सांगेल ते खरं. आयुष्यात ह्यांनी स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट मागितली, ती म्हणजे टांझानियातल्या सेरेंगेटीच्या जंगलात जाऊन हजारो प्राणी नदी ओलांडताना बघायचे. तेही दोघांनी. टीव्हीवर तो कार्यक्रम लागला की ह्यांचा चहा गार व्हायचा. गुडघे कुरकुरायला लागले तसं मीच म्हटलं, की जायचं तर आता, पण चौकशी मी करणार.

त्यातल्या एका कंपनीच्या ऑफिसात बसलेल्या बाईंना मी पहिलाच प्रश्न विचारला, "प्राणी नदी ओलांडताना दिसतील याची खात्री काय?"

"मॅडम, नेचर आहे ते. गॅरंटी कशी देणार?"

"म्हणजे नाही."

"मॅडम, नव्वद टक्के लोकांना दिसतं."

उरलेल्या दहा टक्क्यांचा फोन नंबर मागितला, तर त्या हसल्या. जेवण शाकाहारी असेल, सोबत मराठी आचारी आहे, पिठलं-भातसुद्धा मिळेल, असं त्यांनी सांगितलं. आफ्रिकेत पिठलं म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला. पुढच्या आठवड्यात मी ह्यांना न सांगता परत दादरला जाऊन आले, ऑफिस जागेवर आहे का ते बघायला. होतं. मग आधी जाऊन आलेल्या एका बाईंना फोन केला. त्यांनी इतकं कौतुक केलं, की मी सरळ विचारलं, "तुमचं ह्या कंपनीशी नातं काय?" त्यांनी फोन ठेवला.

असं करता करता पिवळ्या तापाच्या लशीची पहिली तारीख मी हुकवली. लस खरंच सक्तीची आहे की कंपनीचं काही साटंलोटं आहे, हे मला आधी बघायचं होतं. सक्तीचीच निघाली. शिवाय दाखला लागू होतो लस घेतल्यावर दहा दिवसांनी. दुसरी तारीख मिळाली ती आजची, विमान होतं बाराव्या दिवशी, आणि लसीकरण केंद्रावर त्यानंतरची तारीख पुढच्या आठवड्यातली. म्हणजे आज लस टोचली गेली नाही, तर सेरेंगेटी संपलं. आणि ते माझ्यामुळे. केंद्रावर येताना टॅक्सीत ह्यांनी मला एकदाही दोष दिला नाही, त्याचंच मला जास्त लागलं.

दोघांचे फॉर्म मीच भरले होते. डॉक्टरांनी ते वाचले आणि विचारलं, "अंड्याची ॲलर्जी?"

"आम्ही अंडं खातच नाही," मी दोघांच्या वतीने सांगितलं. "गिरगावातल्या आमच्या घरात आजवर अंडं आलेलं नाही."

"कधीच नाही? मग ॲलर्जी आहे की नाही, ते कळणार कसं? ही लस अंड्यात वाढवतात. केक वगैरे?"

"बिनअंड्याचाच."

डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म बाजूला ठेवले. "तपासणी करून रिपोर्ट घेऊन या. रिस्क मी नाही घेणार."

मी लगेच मनात जुळवायला लागले, की डॉक्टरांची कुठली तरी लॅब ठरलेली असणार. तेवढ्यात हे खाकरले. ह्यांचे कान लाल झाले होते.

"डॉक्टर, माझं लिहा, खातो म्हणून. ऑफिसखालच्या गाडीवर ऑम्लेट-पाव. बरीच वर्षं."

हे मला ठाऊक होतं. शर्टाला वास यायचा. योग्य वेळी विचारीन म्हणून मी ते राखून ठेवलं होतं, एवढंच.

"तुमचं झालं मग," डॉक्टर म्हणाले. "मॅडमचं राहिलं."

"तुम्ही जाऊन या," मी ह्यांना म्हटलं. अगदी मनापासून नाही, पण म्हटलं. माझ्या शंकेखोरपणापायी ह्यांचं एवढं एक राहून जावं, हे मला सोसवणार नव्हतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनाच सांगितलं, "हिचंही लिहा. इराण्याकडून दर शनिवारी मी हिला मावा केक आणतो. त्यात अंडं असतं. हिला माहीत नाही."

बाहेरच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसलं. डॉक्टरांनी माझ्या फॉर्मवर तसं लिहिलं आणि मी दंड पुढे केला.

लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबावं लागतं. पहिली दहा मिनिटं मी भिंतीकडे तोंड करून बसले. मग विचारलं, "कधीपासून?"

"आपली मुलगी झाली तेव्हापासून. तुझं खाणंपिणं सुटलं होतं, आठवतंय? काही घशाखाली उतरत नव्हतं. एका शनिवारी हा केक खाल्लास. मग विचारलंस, यात अंडं नाही ना? मी म्हटलं, नाही. खरं बोललो असतो, तर तेही सोडलं असतंस."

"आणि नंतर?"

"नंतर तुझी भीती वाटायला लागली."

संताप संताप झाला माझा. मी केलेले उपास-तापास, सोवळं-ओवळं, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मग मनात आलं, हे आत्ताही खोटं बोलत असतील तर? मला सोबत न्यायचं म्हणून केकची गोष्ट रचली असेल तर? ह्या माणसाचा आता काय भरवसा? मी बाही वर करून बघत बसले, अंगावर गांधी उठतात का, खाज येते का. खरं सांगते, उठाव्यात असंच मला वाटत होतं; म्हणजे केकची गोष्ट खोटी ठरली असती आणि माझं सोवळं शाबूत राहिलं असतं.

अर्ध्या तासाने नर्स आली. "काही त्रास, मावशी?"

काही नव्हतं. साधी पुळीसुद्धा नाही. एवढी वर्षं हे माझ्याशी खोटं बोलत होते, आणि आज मला मागे ठेवून जायचं नाही म्हणून खरं बोलले होते. मला तिथेच, सगळ्यांसमोर रडू आलं.

"दुखतंय का फार?" ह्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.