भट्टीवरचे बूट

लढाईची ती वर्षं. पेट्रोल मिळेनासं झालं होतं आणि बेळगावच्या मोटारी पाठीला लोखंडी शेगडी बांधून कोळशाच्या धुरावर धावत होत्या. मोटारीत बसणाऱ्याला तो कोळसा कुठल्या रानातून येतो हे ठाऊक नसायचं. आणि ज्याच्या हातून तो यायचा त्या जोतिबानं मोटारीत कधी पाय ठेवला नव्हता.

जोतिबा मूळचा निपाणीकडचा. घरात बायको दुर्गाबाई होती तोवर तो तंबाखूच्या वखारीत ओझी उचलायचा. ती तापात गेली. मूलबाळ नव्हतं. मग तो भावाकडं राहिला. तिथं त्याला कुणी जा म्हणालं नाही, पण ताटावर बसला की भावजय भाकरी वाढून आत निघून जायची, आणि ती आत गेल्यावर घर कसं गप्प व्हायचं ते त्याला सोसेना. एक दिवस लाकूडतोड्यांच्या गाडीत बसून तो कणकुंबीच्या वरच्या रानात आला. लाकूडतोडे काम संपवून परत गेले. जोतिबा राहिला.

पुढं तो कोळशाच्या भट्टीचा राखणदार झाला. भट्टी म्हणजे लाकडांची रचलेली मोठी घुमटी. वर पाला, पाल्यावर ओल्या मातीचा जाड लेप. आत जाळ नसतो, नुसती धग असते, आणि ती कितीतरी दिवस लाकडातून हळूहळू फिरते. आतलं लाकूड बसत जातं तशी वरची माती खचते, भेगा पडतात. भेगेतून वारा आत शिरला की कोळशाची राख होते. म्हणून राखणदारानं सारखं भट्टीवर चढायचं, बांबूनं ठोकून पोकळ जागा हुडकायची, ओल्या मातीनं लिंपायची. धूर अजून पांढरा आहे, की कोळसा होत आल्यावर होतो तसा निळा झाला, ते बघत बसायचं. मुकादमाची गाडी यायची तेव्हा माणूस दिसायचा. एरवी झाडं, धूर आणि आपण.

आदल्या हंगामात पलीकडच्या डोंगरावर एकाचा पाय मांडीपर्यंत भट्टीत गेला. तेव्हापासून मुकादम यमनाप्पानं नवा कायदा काढला.

"जोतबा, पायताण घालून वर चढायचं न्हाय. पलटणीचा बूट बघ, घोट्याच्या वर येणारा. न्हायतर भट्टी दुसऱ्याला दीन."

"माझं पाय भट्टीला ओळखत्यात, मुकादम."

"भट्टी कुणाला वळकत न्हाय. पाय आत गेला तर काढणार कोण? हितं हाय का दुसरं माणूस?"

भट्टी गेली तर खाली जायचं, आणि खाली म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी ताटावर. इथलं एकटेपण निदान त्याचं स्वतःचं होतं. ते राखायचं तर बूट हवे होते.

मग कोळशाच्या गाडीबरोबर तो बेळगावला उतरला आणि पलटणीच्या छावणीकडं, कॅम्पात गेला. एका व्यापाऱ्यानं पलटणीचे जुने बूट रस्त्याकडेला ढीग करून ओतले होते. जोतिबा उकिडवा बसला आणि त्यातली सगळ्यात चकाकणारी जोडी त्यानं उचलली.

"ती ठेवा खाली, पावणं," पाठीमागून कुणीतरी म्हणालं. चिंचेखाली एक म्हातारा चांभार बसला होता. त्याचं नाव भरमू. "चकाकतंय म्हणून उचललासा व्हय?"

"मग कसं बघायचं, अण्णा?"

"वास घ्या."

"बुटाचा?"

"मग काय माझा? नाक घाला आत. आंबूस आला तर आतनं कुजलंय."

जोतिबानं बुटात नाक घातलं आणि तोंड वाकडं केलं. भरमू हसला. मग त्यानं स्वतःच ढीग उपसून, तळाला तळ लावून, एक जोडी जुळवली. धुळीनं माखलेली, बघवत नव्हती अशी.

"आता बोटं मोडत्यात तिथं वाकवा. बारीक सुरकुत्या पडल्या, बघा. म्हंजे कातडं जित्तं हाय. पांढरी चीर दिसली असती तर मेलं म्हणायचं." जोतिबा बूट पायात घालायला लागला तसं म्हाताऱ्यानं त्याला थांबवलं. "आत्ता न्हाय. सकाळचा पाय ल्हान असतोय. बसा सावलीला, ऊन कलू द्या. पाय फुगला की मग घाला. तुमचं गाव कुठलं? बोलणं निपाणीकडचं वाटतंय."

"व्हय. आता रानात असतो. कोळशाच्या भट्टीवर."

भरमूनं बूट उलटा केला. तळ खिळ्यांनी भरला होता. "मग हे काढाय पायजेत. चिखलाला खिळा चांगला. पण भट्टीवर तो तापतोय आणि आग थेट पायात आणतोय."

ऊन कलेपर्यंत तो एकेक खिळा उपटत राहिला. मग म्हशीच्या कातड्याचा एक जाड तळ बसवून त्यानं मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवला. शिवता शिवता बोलत होता.

"राखंत पाणी मिसळलं की ते कातडं खातंय. म्हणून रोज सांजचं सुक्या फडक्यानं पुसायचं. अधनंमधनं करंजाचं तेल, त्यात थोडं मेण. भिजला तर आत भाताचा पेंढा कोंबायचा आणि सावलीला टांगायचा. उन्हात न्हाय, चुलीपाशी न्हाय, भट्टीपाशी तर न्हायच. ओलं कातडं आणि धग, ह्यांची गाठ घालायची न्हाय."

"नव्या नवरीपरीस जपाय लागतंय की."

"नवरी रुसली तर बोलती तरी. हे बोलत न्हाय. एकदम तडकतंय. हाय का घरात कोण?"

"हुती," जोतिबा म्हणाला.

म्हाताऱ्यानं दोरा दातानं तोडला आणि बूट त्याच्यापुढं ठेवले.

बूट आले आणि जोतिबाच्या संध्याकाळी बदलल्या. दिवसभर भट्टीवर चढउतर करून तो झोपडीच्या दारात बसायचा, बूट काढायचा, फडक्यानं शिवणीतली राख टिपायचा. जंगलातल्या पोळ्याचं मेण वितळवून करंजाच्या तेलात घालायचा आणि अंगठ्यानं कातड्यात जिरवायचा, टाचेपासून बोटांपर्यंत, मूल न्हाऊ घालावं तसं सावकाश. तेल पिऊन कातडं गडद व्हायचं. मग तो बूट समोर ठेवायचा. दोन बूट शेजारी शेजारी उभे असले की कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. भाकरी खाताना त्याची नजर तिकडं जायची. बोलायचा मात्र नाही. बोलायची सवयच मोडली होती. कधी खोकला आला तर आपलाच आवाज ऐकून तो दचकायचा.

उन्हाळा तोंडावर आला होता. त्या दिवशी मातीसाठी पाणी आणायला जोतिबा ओढ्यावर गेला. बूट काढून ओढा ओलांडायचा हा त्याचा नेम होता, पण भट्टीच्या एका अंगाला भेग दिसली होती म्हणून तो घाईत होता. दगडावरून पाय सरकला आणि तो गुडघाभर पाण्यात गेला. बूट भरले.

वर येऊन आधी त्यानं भेग लिंपली. मग बूट काढले, पाणी ओतून दिलं. पेंढा शोधला, तर पेंढा संपलेला. भट्टीच्या पायथ्याशी एक गरम पट्टा असतो. धोतर, घोंगडं, मिरच्या, ओली लाकडं, राखणदाराचं सगळं तिथंच वाळतं. हात आपोआप तिकडं जातो. भरमूचं सांगणं त्याला आठवत होतं. पण बूट नसले तर भट्टीवर चढता येणार नव्हतं, आणि आतली धग थांबणारी नव्हती. नुसतं पाणी निथळेपर्यंत, असं म्हणून त्यानं बूट तिथं ठेवले आणि शेजारी बसून राहिला.

तेवढ्यात रानातून हाक आली. गवळीवाड्यावरची बायाक्का होती. चाळिशीची, नवरा गेलेली, दिरांच्या गोठ्यात राबणारी बाई. तिची म्हैस चुकली होती.

"माझी भोरी दिसली का हिकडं?"

जोतिबानं तोंड उघडलं, पण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. घसा साफ करून तो म्हणाला, "न्हाय बाई. बसा जरा. पाणी प्या."

त्यानं झोपडीच्या सावलीला तिला गूळपाणी दिलं. ती पायातले काटे काढत बसली. तिनं सहज विचारलं, तुमचं गाव कुठलं, आणि जोतिबा सांगायला लागला. निपाणीची वखार कशी, तंबाखूची धूळ उडाली की सगळी रांग कशी शिंकायची, एकदा सावकार बोलत असताना सगळे एकदम शिंकले आणि सावकाराची टोपी कशी पडली.

बायाक्का तोंडाला पदर लावून हसली. "एवढं बोलाय येतंय तर तोंड शिवून का बसलाय हितं?"

"ऐकाय कोण हाय?"

"म्हशीबी ऐकत्यात. मी सांगती त्यास्नी सगळं. पर उलट बोलत न्हाईत, तेवढंच बरं."

मग तिनं आपलं सांगितलं. दीर कसे आहेत, लोणी घेऊन बाजारात गेलं की लोक कसं बोट घालून बघतात. जोतिबानं दुर्गाबाईचं नाव कितीतरी वर्षांनी तोंडातून काढलं. काढल्यावर त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. बायाक्का नुसती "व्हय का" म्हणाली, आणि ते बरं वाटलं. मध्ये जळका वास आला. ओला पाला धुमसतोय, असं त्याला वाटलं. तो उठला नाही. उठलो तर ही पण उठेल, हे त्याला ठाऊक होतं.

सावली झोपडीच्या पलीकडं गेली तेव्हा ती म्हैस शोधायला निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत जोतिबा उभा राहिला. मग वळला.

धग त्या अंगाला सरकली होती. डाव्या बुटाचं टोक वर वळलं होतं, तळ जबड्यासारखा उघडा पडला होता. उजवा आक्रसून लाकूड झाला होता. जोतिबानं तेल आणून चोळलं. तेल आत शिरेना, वरच्या वर ओघळून गेलं.

पुढचे दिवस त्यानं पायाला भिजवलेली पोती गुंडाळून भट्टी राखली. राख होऊ दिली नाही. कोळसा निघाला तो असा की एकावर एक आपटला की काशाच्या भांड्यासारखा वाजावा. यमनाप्पा गाडी घेऊन आला, त्यानं कोळसा वाजवून बघितला, खूश झाला. मग त्याची नजर पोत्यांवर गेली.

"बूट कुठायत?"

जोतिबानं ते आणून पुढं ठेवले. मुकादमानं हातात घेऊन फिरवले.

"भट्टीपाशी वाळत घातलास व्हय? तू? वास न्हाय आला?"

"आला."

"मग काय करत हुतास?"

"बोलत हुतो."

हे तोंडातून गेल्यावर जोतिबाला कळलं की पुढचा प्रश्न काय येणार.

"कुणासंगं?"

बायाक्काचं नाव घ्यायला एक क्षण पुरला असता. पण नवरा नसलेली बाई दुपारभर भट्टीवर बसली होती, एवढं मुकादमाच्या कानावर गेलं की गाडीवाल्यांच्या तोंडून ते गवळीवाड्यावर पोचलं असतं, आणि तिथं तिचे दीर होते. जोतिबा खाली बघत उभा राहिला.

"आरं, कुणासंगं बोलत हुतास? हितं कोण हाय?"

"कोण न्हाय."

यमनाप्पाचा आवाज बदलला. चिडलेला होता तो मऊ झाला, आणि त्या मऊपणानंच जोतिबाला भीती वाटली. "जोतबा, बुटाचं सोड. बूट मी दुसरं आणलं असतं. तुझ्यासारखा राखणदार मला घावायचा न्हाय. पर वरच्या डोंगरावरचा गडी असाच एकटा बोलाय लागला हुता. बोलत बोलत रानात गेला, घावलाच न्हाय. तुला रानानं धरलंय."

"मला कायबी झालं न्हाय, मुकादम. मी शाणा हाय."

"त्योबी असंच म्हणायचा." मग मुकादम कानडीत म्हणाला, "साकु." पुरे. "घोंगडं घे. गाडीत बस."

उतारावर गवळीवाड्याच्या वाटेला बायाक्का डोक्यावर लोण्याचं मडकं घेऊन चालली होती. गाडीतल्या जोतिबाला बघून ती थांबली.

"कुठं निघालासा?"

"खाली. डेपोत काम निघालंय," जोतिबा म्हणाला.

"परत कधी?"

त्यानं हात हलवला, त्याचा अर्थ काहीही होऊ शकला असता. गाडी पुढं गेली. मुकादमानं मान वळवून त्या बाईकडं बघितलं, जोतिबाकडं बघितलं, आणि बैलाला हाकललं. त्याच्या डोक्यात काही आलं असेल तर त्यानं विचारलं नाही.

बेळगावच्या कोळशाच्या डेपोत माणसं पुष्कळ. पोती भरणारे, गाड्यांवर चढवणारे, मापं घेणारे. दिवसभर हाका, शिव्या, थट्टा. जोतिबा पोती शिवायचा. कुणी काही विचारलं तर मान हलवायचा. गडी त्याला मुका म्हणायला लागले, आणि नव्यानं आलेल्यांना तो खराच मुका वाटायचा. ज्या एका दुपारी तो बोलला होता ती कुणाला सांगता येण्यासारखी नव्हती, आणि दुसरं सांगण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतं.

यमनाप्पा कधी डेपोत यायचा, तेव्हा लांबून त्याला न्याहाळायचा. महिनोन्महिने जोतिबाच्या तोंडून शब्द निघाला नाही, हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला.

"बरा झाला बिचारा," तो डेपोवाल्याला म्हणाला. "येळंत आणला म्हणून."