अंदमानातली बारी

भगवंतराव मेहरेंनी आयुष्यात पुष्कळ वस्तू जुन्या घेतल्या होत्या. मोटरसायकल जुनी, फवारणीचा पंप जुना, टीव्ही तर मेहुण्याकडून उतरलेला. जुनी वस्तू कुठे ठोकून पाहायची आणि कसला आवाज आला की उठून चालू लागायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण जुना आठवडा कसा पारखून घेतात, हे अख्ख्या परतवाड्यात त्यांना कोणी सांगू शकेना.

परतवाड्याच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. शेवंती, झेंडू, बांधाला वांगी आणि संभार, म्हणजे कोथिंबीर. फुलं पहाटे गाडीत घालून अमरावतीच्या बाजारात जातात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत नवरा-बायको फिरले नाहीत असं कोणी म्हणू नये. कोणाच्या लग्नाला गेले तेव्हा टेम्पोभर माणसं बरोबर होती. देवाला गेले तेव्हा जावा, नणंदा आणि त्यांची नातवंडं. भगवंतरावांचं मुतखड्याचं ऑपरेशन नागपूरला झालं, तेव्हासुद्धा दोन भाचे सोबतीला होते आणि त्यांच्या जेवणाची काळजी बायकोला, सत्यवतीबाईंनाच होती. प्रवास म्हणजे घरचा स्वयंपाक चाकांवर ठेवून नेणं, असंच त्या बाईला वाटत आलेलं.

यंदा दिवाळीत फुलांना भाव लागला. मुलगा गोपाल अकोल्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, तो सणाला आला आणि त्यानं आईला विचारलं, तुला काय घ्यायचं? साडी म्हणेल, फार तर पाटल्या म्हणेल, असा बापलेकाचा अंदाज. ती म्हणाली, बेट पाहायचं. चारी बाजूंनी पाणी असलेलं.

दुसऱ्या दिवशी शेवंती तोडताना तिनं नवऱ्याला अटही सांगून टाकली. "आपन दोघंच जाऊ. तिसरं कोनी नाई. आठ दिवस मले कोनाले च्या इचारायचा नाई."

भगवंतराव हो म्हणाले. मीठ संपलं आहे, येताना आणा, यालाही ते तसंच हो म्हणतात.

इथे खुशालराव आले. खुशालराव मूळचे याच गावचे, भगवंतरावांच्या विहिरीतले जुने भागीदार. नोकरीमुळे अमरावतीला गेले, तिथेच घर बांधलं आणि गावची दोन एकरं भगवंतरावांना विकून मोकळे झाले. पंधरा वर्षांपूर्वी कुठल्याशा हॉटेलात फुकटचं जेवण आहे म्हणून ते बायकोला घेऊन गेले होते, आणि जेवण होईपर्यंत एका हॉलिडे क्लबचे सभासद होऊन बसले होते. अंदमानातल्या एका रिसॉर्टात दर वर्षी एक आठवडा, पंचवीस वर्षं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. आता गुडघे धरतात, म्हणून उरलेली वर्षं विकायची आहेत, असं त्यांनी फुलबाजारात भेटल्यावर सहज सांगितलं. भगवंतरावांना वाटलं, देवच बोलला.

तिथून पुढे जे सुरू झालं त्याला डोकं ना बूड.

क्लबच्या ऑफिसातली मुलगी फोनवर फार गोड बोले. ती म्हणाली, सर, तुमचा व्हाइट सीझन आहे आणि वीक फ्लोटिंग आहे. भगवंतरावांनी तारीख विचारली. ती म्हणाली, तारीख नसते. मग खोलीचा नंबर विचारला. ती म्हणाली, नंबरही नसतो. तारीख नाही, खोली नाही, मग मी घेऊन काय राहिलो, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, सर, तुम्ही हक्क घेताय. शिवाय अंदमान नको असेल तर तोच आठवडा मुन्नारला वापरता येईल, नाही वापरला तर पुढच्या वर्षी दोन मिळतील, आणि गेलात न गेलात तरी देखभालीची वर्गणी भरावी लागेल. भगवंतरावांनी फोन गोपालकडे दिला. गोपालनं पाच मिनिटं हं हं केलं आणि फोन ठेवून बापाकडे पाहिलं. त्यालाही काही समजलं नव्हतं, फक्त तो शिकलेला असल्यामुळे त्याला तसं म्हणता येत नव्हतं.

शेवटी खुशालरावांनीच उलगडा केला. म्हणाले, अरे, आपली विहीर आठव. विहीर एक, भागीदार तिघं. ज्याची बारी, त्यानं त्या दिवशी मोटर लावायची. तुझी बारी असताना तुझ्या घरी लग्न निघालं तर तू ती मला देतोस आणि पुढे माझी घेतोस. पाणी घे न घे, उन्हाळ्यात गाळ काढायची वर्गणी चुकत नाही. हे तेच आहे, फक्त विहिरीच्या जागी खोली आहे आणि भागीदार देशभर पसरलेले आहेत.

भगवंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतका की त्या उजेडात पुढचा खड्डा दिसेनासा झाला.

कारण विहिरीच्या बारीचा एक रिवाज आहे. बारी विकली की कागद सरकारात होतो, पण कागदानं पाणी वळत नाही. विकणाऱ्यानं स्वतः विहिरीवर यायचं, बाकीच्या भागीदारांसमोर मोटर सुरू करायची आणि पहिलं पाणी घेणाऱ्याच्या सरीत आपल्या हातानं सोडायचं. याला बारी दाखवून देणं म्हणतात. हे झालं नाही तर दर उन्हाळ्यात डोकी फुटतात. खुशालरावांनी शेत विकलं तेव्हा तेसुद्धा अमरावतीहून धोतर नेसून आले होते आणि भर उन्हात चिखलात उभे राहून त्यांनी बारी दाखवून दिली होती.

सह्या झाल्या. नाव बदलल्याचा मेल गोपालच्या मोबाइलवर आला. जानेवारीतला एक आठवडा मोकळा मिळाला, विमानाची दोन तिकिटं निघाली. खुशालरावांच्या ओट्यावर बसून पेढा खाताना भगवंतरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मंग भाऊ, बारी दाखवून द्यायले येता ना?"

 खुशालराव म्हणाले, दाखवून द्यायलाच पाहिजे. आणि लगेच त्यांनी आपलं तिकीट काढायला गोपालला फोन लावला. दोन शहाणीसुरती म्हातारी माणसं, पण यात काही वावगं आहे असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही. उलट व्यवहार रीतसर झाला म्हणून भगवंतराव समाधानानं एसटीत बसले आणि घरी येऊन हे सांगायचंही विसरले.

सत्यवतीबाईंना ते कळलं ते खुशालरावांच्याच फोनवरून. वहिनी, तिकडे सगळे मासे खातात, माझ्यापुरती थोडी जवसाची चटणी बांधून घ्याल का, असं त्यांनी विचारलं. त्या हो भाऊ म्हणाल्या. फोन ठेवला आणि त्यानंतर बेटाचं नाव काढलं नाही.

भगवंतरावांना आधी लक्षातच आलं नाही. मग आलं, तर कारण सापडेना. रोज संध्याकाळी ती बेटाबद्दल काहीतरी विचारायची. तिथं पाणी खारं असतं तर माणसं पितात काय, रात्री लाटांचा आवाज येतो का. ते सगळं बंद. त्यांना वाटलं, विमानाला भ्याली असेल. त्यांनी समजूत घातली की विमान एसटीपेक्षा कमी हलतं. तिनं मान डोलावली आणि भाकरी थापत राहिली. मग वाटलं, पैसे गेले म्हणून जीव तुटत असेल. तेही नव्हतं. मग त्यांना वाटलं, या पांढऱ्या सीझनमध्येच काहीतरी खोट असणार, लाल म्हणे त्याहून भारी असतो. त्यांनी क्लबच्या मुलीला फोन लावून विचारलं, बाई, पांढऱ्याचा लाल करून मिळेल का, माझी बायको उदास आहे.  मुलगी म्हणाली, सर, अपग्रेडसाठी वेगळा फॉर्म आहे.

आठवडाभर हा माणूस मळ्यात नुसता भिरभिरत होता. फ्लोटिंग वीक समजला, सीझन समजला, देखभालीची वर्गणी समजली, आणि पस्तीस वर्षांची बायको समजेना. मला विचाराल तर कान धरून सांगावं असं वाटत होतं, पण असल्या गोष्टी दुसऱ्यानं सांगून उपयोग नसतो.

शेवटी त्यांनी फुलांची टोपली खाली ठेवली आणि सरळ विचारलं, "काय झालं हाये? काहून बोलून नाई राहिली?"

"मी काय म्हनलं होतं तुमाले?"

भगवंतरावांनी फार आठवून पाहिलं. बेट म्हणाली होती, पाणी म्हणाली होती. पुढचं काही आठवेना.

"तिथंबी सकाळी उठून मी खुशालभाऊच्या च्यात साखर किती, हेच पाहू?" सत्यवतीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "मले बेटच पायजे होतं असं नाई. मले तुमच्यासंगं एकलं राहायचं होतं. मी तोंडानं सांगतलं, लाज सोडून सांगतलं. तुमी आइकलंबी नाई."

त्या उठून पाटाकडे गेल्या. भगवंतराव तिथेच उभे राहिले. अगं, पण रिवाज आहे, असं त्यांच्या तोंडाशी आलं होतं, ते त्यांनी गिळलं. एवढी अक्कल त्यांना होती.

दुसऱ्या दिवशी ते अमरावतीच्या गाडीत बसले. रस्ताभर सबबी जुळवत होते. खोलीत दोनच माणसांना परवानगी आहे म्हणावं, तर खोली चौघांची आहे हे खुशालरावांनीच सांगितलेलं. तिकीट रद्द झालं म्हणावं, तर ते खुशालरावांच्याच मोबाइलवर. ज्याचा माल होता त्यालाच त्या मालाबद्दल खोटं सांगायला निघालो आहोत, हे ध्यानात आल्यावर त्यांनी सबबी शोधणं सोडून दिलं आणि मग तर काय बोलायचं तेच उरलं नाही.

खुशालरावांच्या पलंगावर बॅग उघडी होती. इस्त्रीचे सदरे होते, वाळूत चालायला घेतलेले नवे कॅनव्हासचे बूट होते. गुडघ्याचं काय, विचारल्यावर ते म्हणाले, आता बरे आहेत. कित्येक दिवसांत त्यांना इतकं बोलताना कोणी ऐकलं नसेल. चहा झाला, संत्र्याच्या भावावर बोलून झालं, दुसरा चहा झाला. भगवंतराव दोनदा निघायला म्हणून उठले आणि दोनदा परत बसले.

"भाऊ," ते शेवटी म्हणाले, "तुमी येऊ नका."

खुशालरावांनी पलंगावरचा एक सदरा उचलून हातात घेतला.

"सत्यवतीले तिसरं कोनी नको हाये."

"अन् तुले?"

हा प्रश्न येईल असं भगवंतरावांना वाटलं नव्हतं. बायकोच्या नावावर ढकलून मोकळं व्हायचं, एवढीच त्यांची तयारी होती. पुरुषानं पुरुषासमोर असलं काही बोलायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.  त्यांनी फरशीकडे पाहिलं.

"मलेबी," ते म्हणाले.

खुशालरावांनी सदऱ्याची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. मग ते म्हणाले, "एकल्यानं जायची जागा नोहे ते. म्हनून तं इकली म्या. गुडघ्याचं आपलं लोकाईले सांगाले."

भगवंतरावांना वाईट वाटलं, आणि ते नेमकं कुणासाठी वाटतं आहे हे त्यांना कळेना. माफी मागावी तर कशाची, तेही कळेना. खुशालरावच मग बोलू लागले. बारी इथूनच दाखवून देतो म्हणाले. खोली कुठल्या बाजूची मागायची, सकाळी पाणी मागे सरकतं तेव्हा कुठवर चालत जाता येतं, कुठल्या दगडावर शेवाळ आहे, तिथे यांचा पाय कसा घसरला होता. 'यांचा' म्हणजे खुशालरावांच्या गेलेल्या बायकोचा, हे भगवंतरावांना जरा उशिरा समजलं.  खुशालरावांचं सगळं सांगून होईपर्यंत परतवाड्याच्या दोन गाड्या निघून गेल्या होत्या.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सत्यवतीबाई बांधावर संभार निवडत होत्या. खुशालभाऊ येत नाहीत, भगवंतरावांनी सांगून टाकलं. बाईंनी वर न बघता विचारलं, काय कारण सांगितलं.

"खरं ते सांगतलं. तुले तिसरं कोनी नको म्हनून."

"अगं बाई. अन् ते काय म्हनले?"

"म्हने, अन् तुले?"

सत्यवतीबाईंचा हात थांबला. "मंग?"

"मंग काय. मलेबी, म्हनलं."

"खुशालभाऊसमोर?"

"त्याईच्याच समोर. दुसरं कोन होतं तिथं."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि तोंड शेताकडे फिरवलं. हसतात की रडतात ते भगवंतरावांना बाजूनं कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. मोटर सुरू करायची राहिली होती, म्हणून ते निघाले.

"बसा ना इथं जराशे," त्या म्हणाल्या.

"काहून?"

"काई नाई. बसा."

ते बसले.  असं किती वेळ बसायचं असतं हे भगवंतरावांना अजिबात कळत नव्हतं, पण ते उठले नाहीत.