गाढववाटेवरचं लोणचं

डोंगर चालणाऱ्यांचं एक बरं असतं. घरी येऊन बुटातली वाळू झटकली की तिच्याबरोबर दोन-चार किस्से आपसूक बाहेर पडतात! आमचा ग्रुप दुबईतल्या अल मनखूलच्या एकाच बिल्डिंगमधला. मी, शेजारचे नेने, सुलभावहिनी, त्यांची शाळकरी मिताली आणि रास अल खोरच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक असलेले, मूळचे चिपळूणचे तांबे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ईदची सुट्टी थंडीत यायची. रास अल खैमाच्या डोंगरांत एक जुनी गाढववाट आहे. तिथले लोक पूर्वी हिवाळाभर वर जव पिकवायचे आणि उन्हाळा आला की बिऱ्हाड गाढवांवर लादून किनाऱ्यावरच्या खजुराच्या बागांत उतरायचे. ती वाट चालायला तीन-चार दिवस लागतात. आमच्यासारख्या गप्पिष्टांना जरा जास्तच!

* * *

आमचा वाटाड्या सईदबाबा. लहानपणी याच वाटेने गाढवं हाकलेला म्हातारा. त्याची हिंदी तांब्यांपेक्षा बरी होती, पण अंतर विचारलं की उत्तर एकच, "करीब!" दुपारी करीब, ऊन उतरल्यावरही करीब.

शेवटी भर चढावर तांब्यांनी फतकल मारली. "बाबा, तुम दूर किसको बोलता है?"

बाबाने दाढी खाजवत बराच विचार केला. "दुबई."

* * *

वाटेत एका डोंगरी घरात आम्हाला कॉफी मिळाली. नेने शिपिंग कंपनीत मॅनेजर, त्यामुळे ओळख करून द्यायची दांडगी हौस. पहिला घोट घ्यायच्या आत त्यांनी नाव, गाव, कंपनी, मुलीची इयत्ता, सगळं सांगून टाकलं. बाबा बिचारा भाषांतर करून दमला. यजमानाचा चेहरा मात्र पडलेला.

बाहेर पडल्यावर मी बाबाला विचारलं, "गुस्सा हो गया क्या?"

"नहीं, दुखी हो गया. हमारे यहाँ मेहमान को तीन दिन तक नाम नहीं पूछते. इसने आते ही सब बोल दिया. उसको लगा, ये लोग अभी के अभी जाता है!"

* * *

त्या वाटेवर पाट्या नाहीत. दगडावर दगड रचलेले दिसले की समजायचं, वाट इकडून. मितालीला हा प्रकार फारच आवडला. मुक्कामाच्या टेकडीभोवती तिने संध्याकाळभर दगडांचे छान छान मनोरे रचले.

सकाळी तांबे "मी होतो पुढे" म्हणून निघाले. आम्ही निवांत पोह्यांना फोडणी दिली. थोड्या वेळाने टेकडीच्या मागच्या बाजूने तांब्यांची हाक आली, "अरे वा! पोहे? पुढे आणखी एक मराठी ग्रुप आहे वाटतं!"

मिताली म्हणाली, "Uncle, I just made them because they looked nice!"

* * *

आता लोणच्याचं. वहिनींची आई आदल्या वर्षी गेली. तिच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची एकच बरणी उरली होती. नेन्यांचा फ्लॅट शेअरिंगचा, किचनही सगळ्यांचं, म्हणून वहिनी ती डोंगरातही घेऊन आल्या. जेवताना प्रत्येकाला एकच फोड. खरं तर लोणचं खारट होतं, पण ते बोलून दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

वरच्या गावातली माणसं आता बारा महिने खालीच राहतात, त्यामुळे घरं कुलूपबंद. एक खोली मात्र वाटसरूंसाठी उघडी असायची. तिथे पाणी आणि खजूर ठेवलेले. खायचं, आणि जाताना आपल्याकडचं काहीतरी कोनाड्यात ठेवायचं, अशी रीत. नेन्यांनी मोठ्या मनाने मेतकुटाची बरणी ठेवली.

किनाऱ्यावर उतरल्यावर वहिनींनी सॅक उघडली. मेतकूट सॅकमध्येच होतं! दोन्ही कॉफीच्या जुन्या बरण्या, दोन्ही पेपरात गुंडाळलेल्या; कोनाड्यात गेलं होतं लोणचं.

"मी परत जाऊन आणू का?" नेने रडवेले झाले.

"दिलेलं परत मागतात का?" एवढंच बोलून वहिनी गाडीत मागे जाऊन बसल्या. मनखूल येईपर्यंत त्या रडत होत्या.

पुढच्या ईदला पुन्हा तीच वाट. या वेळी वहिनी सगळ्यांच्या पुढे, अगदी बाबाच्याही. त्या खोलीत पाणी-खजूर ठेवणारी बाबाची थोरली बहीण बसलेली. आम्हाला बघून तिने कोनाड्यातून बरणी काढली आणि वहिनींच्या हातात दिली. बरणी गच्च भरलेली होती. आत खालच्या बागेतली बारकी लिंबं, तळाशी उरलेल्या मसाल्यात मुरवलेली.

म्हातारी काहीतरी पुटपुटली. बाबा म्हणाला, "बोलती है, बहुत अच्छा था. खाली बरनी कैसे वापस देगी?"

वहिनींनी एक फोड तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"मीठ जास्त पडलंय."

नेने घाबरले. "मग?"

"मग काय? आईचंही पडायचं."

डोळे पुसून त्यांनी बरणी स्वतःच्या सॅकमध्ये ठेवली. मग नेन्यांच्या सॅकमधली मेतकुटाची बरणी काढली, झाकण उघडून नीट वास घेऊन बघितला, आणि कोनाड्यात ठेवली.