कापलेली बारा मिनिटं

काकांच्या फिल्ममधली शेवटची बारा मिनिटं मी त्यांना न विचारता कापली. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं, फी वाचवतोय. आमच्या मराठी मंडळाने ती फिल्म हॉलमध्ये लोकांना दाखवायची ठरवली होती. सर्टिफिकेट नसलेली फिल्म दाखवायची तर ती आधी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, पाठवावी लागते. तिथलं कोणीतरी ती बघून कुठल्या वयाच्या लोकांसाठी आहे ते ठरवतं आणि फी मिनिटांवर लागते. मी मंडळाचा सेक्रेटरी, त्यामुळे फॉर्म माझ्याकडे होता.

काका इंग्लंडमधल्या लेस्टरचे रिटायर्ड डॉक्टर. काकू गेल्यावर त्यांनी फोनवरच्या क्लिप्स जोडून तासाभराची फिल्म केली होती. ती शेवटची बारा मिनिटं लोकांनी काकूंसोबत गप्प बसून पाहावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यात काकू आजारपणात खुर्चीत बसून दाराकडे बघतात. बोलत नाहीत, कोणी येत नाही.

खरं कारण फी नव्हतंच. मी या देशात नवा असताना दोन वर्षं दर रविवारी त्यांच्याकडे जेवलो. त्या आजारी पडल्या तेव्हा मी मिल्टन कीन्सला होतो, गाडीने तासाभरावर. पुढच्या आठवड्यात येतो, असं सांगत राहिलो. ते दाराकडे बघणं मला सहन झालं नाही.

"काय सेक्रेटरी, झाली का सेन्सॉर?" काकांनी फोनवर विचारलं. "किसिंग सीन कापला नाहीस ना?"

मी हसलो.

दोन दिवसांनी कौन्सिलमधल्या बाईंचा फोन आला. फिल्म छान आहे, लहान मुलांनाही चालेल, म्हणाल्या. "फक्त शेवटी त्या खुर्चीतल्या बाई काय म्हणतात? सबटायटल नाही. जमिनीकडे बोट दाखवून कोणावर तरी रागावल्यासारखं करतात. शिवी वगैरे नाही ना? मला लिहावं लागतं."

मी म्हटलं, विचारून सांगतो. मग पाठवलेली फाइल उघडली. ती बागेतल्या गुलाबांवर संपत होती. दुसऱ्यांदा उघडली, तरी गुलाबच. आणि मूळ फिल्म मी कापण्याआधी पूर्ण पाहिली होती. काकू त्यात बोट दाखवत नाहीत.

मी तसाच उठून लेस्टरला गेलो. पाऊस होता. काकांनी दार उघडलं आणि मी सोफ्यावर बसायच्या आत सगळं सांगून टाकलं: कापलं, फीचं निमित्त केलं, तेव्हा आलो नाही.

त्यांनी टीव्हीचा रिमोट उचलला. मग म्हणाले, "बस. पूर्ण बघू."

टीव्ही त्याच खोलीत होता. काकूंची खुर्चीही तिथेच. मी दाराजवळच्या स्टुलावर बसलो. पडद्यावर काकू दाराकडे बघत राहिल्या. पाच मिनिटं, आठ मिनिटं. बाहेर पाइपातून पाणी वाहत होतं. अकराव्या मिनिटाला त्यांची नजर हलली. आधी वर, उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे जावी तशी, मग सावकाश खाली. त्यांनी बोट उचललं. ओठ हलले, आवाज जेमतेम.

काकांनी रिमोट खाली ठेवला. "शेवटचे आठ दिवस ती एक शब्द बोलली नव्हती रे. मीच तर शूट केलंय हे."

"काय म्हणाल्या?"

"ऐकलं नाहीस? 'आधी बूट काढ' म्हणाली."

मी खाली पाहिलं. घाईत मी बुटांसकट आत आलो होतो. दारापासून माझ्यापर्यंत कार्पेटवर ओले ठसे उमटले होते.

मी वाकलो. ओली लेस सुटेना. पडद्यावर काकू अजून खालीच बघत होत्या, मी दुसरा बूट काढेपर्यंत. मग त्या हसल्या आणि फिल्म संपली.

"त्या बाईंना कळव, शिवी नाही म्हणून," काका म्हणाले. "आणि पूर्ण फिल्मची फी भर."